टेपवरची कारमेन

नृत्यदिग्दर्शक आन्तोनिओ टेपरेकॉर्डरचं बटण दाबतो आणि फ्रेंच संगीतकार बिझेच्या ऑपेरातली कारमेन गायला लागते. सेव्हिलच्या तटाजवळ माझ्या मित्राची खानावळ आहे, तिथं जाऊन मी नाचणार आहे, असं गाऊन ती आपल्याला पकडलेल्या शिपायाला भुलवते आहे. तिच्यामागे अख्खा वाद्यवृंद. जवळच फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसिया गिटार घेऊन बसलेला. तो ऐकतो, पण चाल नाचायला अडचणीची आहे असं त्याचं मत पडतं. मग तीच सुरावट तो गिटारीवर घेतो आणि बुलेरियाच्या, म्हणजे स्पेनच्या फ्लामेंको नाचगाण्यातल्या एका वेगवान ठेक्यात बसवायला लागतो. सूर तेच राहतात, पण त्यांच्याखालची जमीन बदलते.

स्पॅनिश दिग्दर्शक कार्लोस साउराच्या १९८३ सालच्या ‘कारमेन’ या चित्रपटातला हा प्रसंग सुरुवातीलाच येऊन जातो. यावर लिहिणारे बहुतेक जण शेवटच्या सुऱ्याकडे धाव घेतात. मला मात्र हा टेपरेकॉर्डर जास्त महत्त्वाचा वाटतो. एका प्रसिद्ध ऑपेराचा चित्रपट करायचा म्हटलं की गायक आणायचे, वेशभूषा करायची, सेव्हिलच्या रस्त्यावर कॅमेरा लावायचा. पुढच्याच वर्षी फ्रान्चेस्को रोझीने ते केलंही, आणि उत्तम केलं. साउराने ऑपेरा टेपवर ठेवला. तालीम करणारी माणसं ती टेप ऐकतात, थांबवतात, तिच्याशी हुज्जत घालतात.

मी तो पहिल्यांदा पाहिला पुण्यात, कॉलेजात असताना, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. पांढरी सबटायटल्स पडद्यावरच्या उजळ भिंतीत विरून जात होती, त्यामुळे निम्मे संवाद कळलेच नाहीत. ते एका परीने बरं झालं. कान आपोआप पावलांकडे गेले. नंतर घरी हेडफोन लावून पाहिला तेव्हा गोष्ट नीट कळली, आणि थोडा रागही आला. त्या रागाबद्दल पुढे.

आधी या बाईचा जन्म. कारमेन स्पेनची नव्हे, फ्रान्सची लेक आहे. प्रॉस्पेर मेरिमे हा फ्रेंच लेखक १८३० मध्ये स्पेनमध्ये हिंडला, तिथं माँतिहोच्या काउंटेसकडून त्याने खुनाची एक हकीकत ऐकली, आणि १८४५ मध्ये त्यावरून ‘कारमेन’ ही दीर्घकथा लिहिली. कथा सांगणारा फ्रेंच विद्वान. त्याला मृत्युदंडाची वाट पाहणारा होसे आपली कैफियत सांगतो आणि विद्वान ती आपल्याला सांगतो. म्हणजे कारमेन आपल्यापर्यंत पोहोचते ती दोन पुरुषांच्या तोंडून, आणि त्यातला एक तिचा मारेकरी. हे एकदा लक्षात आलं की कथेतलं तिच्या डोळ्यांचं, ओठांचं, लांडग्यासारख्या नजरेचं वर्णन वेगळंच वाचलं जातं.

तीस वर्षांनी, ३ मार्च १८७५ ला, पॅरिसच्या ऑपेरा-कोमिकमध्ये बिझेचा ऑपेरा रंगमंचावर आला. हे थिएटर घरंदाज कुटुंबांचं. मुलीबाळींना घेऊन यावं, तिथं लग्नाची बोलणी व्हावीत, अशी त्याची ख्याती. तिथं विडी कारखान्यातल्या बायका धूर सोडत रंगमंचावर आल्या आणि शेवटी नायिकेला भोसकून मारलं. स्वागत थंड झालं. बरोबर तीन महिन्यांनी, ३ जूनला, बिझे गेला. छत्तीस वर्षांचा होता. आपण जगातल्या सर्वांत लोकप्रिय ऑपेरांपैकी एक लिहून ठेवलाय हे त्याला कळलंच नाही. त्याने स्पेनमध्ये कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. ‘हबानेरा’ म्हणून जगभर ओळखलं जाणारं कारमेनचं गाणं त्याने स्पॅनिश लोकगीत समजून उचललं, पण ती चाल निघाली सेबास्तियान इरादिएर या बास्क संगीतकाराची. शिवाय तो ठेका क्युबातल्या हवानाचा. क्युबाचा ठेका, बास्क माणसाची चाल, फ्रेंच ऑपेरा, आणि जगाच्या दृष्टीने अस्सल अंदालुसिया, म्हणजे सेव्हिलचा दक्षिण स्पेन!

साउराला हे सगळं पक्कं ठाऊक होतं. चित्रपटाची श्रेयनामावली सरकते ती गुस्ताव दोरेच्या कोरीव चित्रांवर. दोरेही फ्रेंचच, स्पेनमध्ये फिरून त्याने बैलझुंजी, नाचणाऱ्या बायका, चोर-दरोडेखोर चितारले होते. वर बिझेचं संगीत. परक्याने आपल्यावर काढलेलं चित्र पहिल्या मिनिटालाच समोर ठेवून साउरा म्हणतो, चला, आता तालीम सुरू करू.

स्पेनमध्ये या चित्राचा लोकांना कंटाळा का आला असेल, हे समजून घ्यायला हुकूमशहा फ्रँकोचा काळ पाहावा लागतो. १९६० च्या दशकात सरकारने पर्यटकांसाठी स्पेनची जी जाहिरात केली, तिच्यात ठिपक्यांचा झगा, केसात फूल, हातात पंखा, पायात टाचांचा खडखडाट हे सगळं होतं. फ्लामेंको हा हुकूमशाहीचा हसरा मुखवटा झाला होता. साउरा त्या काळात अगदी दुसऱ्या टोकाला उभा होता. मूळचा तो छायाचित्रकार, भाऊ चित्रकार. सेन्सॉरच्या कात्रीतून निसटेल अशा आडवळणाच्या भाषेत तो चित्रपट करत होता. १९६६ च्या ‘ला कासा’मध्ये तीन-चार पुरुष ससे मारायला जातात आणि एकमेकांना मारून मोकळे होतात, यादवी युद्धाचा उच्चारही न करता त्याने यादवी युद्ध दाखवलं. असा माणूस १९८१ मध्ये फ्लामेंकोवर चित्रपट करायला घेतो म्हटल्यावर अनेकांच्या भुवया उंचावल्या असणार.

निमित्त झाला निर्माता एमिलिआनो पिएद्रा. त्याने साउराला आन्तोनिओ गादेसची तालीम बघायला नेलं. गादेसने लोर्काच्या ‘रक्तविवाह’ नाटकावर नृत्य बसवलं होतं. साउराने तेच, तालमीच्या खोलीत, रंगपटापासून सुरुवात करून चित्रित केलं. ‘कारमेन’ हा त्यानंतरचा दुसरा. तिसरा ‘एल आमोर ब्रुहो’ १९८६ चा.

गादेसबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. गवंड्याचा मुलगा, जन्म १९३६ चा, म्हणजे यादवी युद्ध सुरू झालं त्याच वर्षीचा. लहान वयात कामाला लागला. नाचाकडे वळला तो पोटासाठी. पिलार लोपेसच्या कंपनीत तो घडला आणि गादेस हे नावही तिथंच मिळालं. पक्का कम्युनिस्ट. १९७५ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकोने शेवटचे मृत्युदंड अमलात आणले तेव्हा त्याने आपली कंपनीच बंद केली. फ्रँको गेल्यावर तो राष्ट्रीय बॅलेचा पहिला संचालक झाला आणि दोन वर्षांत तिथून बाहेरही पडला. त्याचं नाचणं पाहिलं की या सगळ्याचा संबंध लागतो. तो हसत नाही. टाळ्या मागत नाही. हात खांद्यापासून वर जातात तेव्हा मनगटाची उगाच गिरकी नाही. टाचांचा पाऊस पाडायची ताकद असूनही तो पुष्कळदा नुसता उभा राहतो, आणि त्या उभं राहण्यात बाकीचे पन्नास जण झाकले जातात. पर्यटकांसाठी केलेल्या फ्लामेंकोला याहून कडक उत्तर मला माहीत नाही.

आता पुन्हा पाकोकडे. बुलेरिया बारा मात्रांची. आपला एकतालही बारा मात्रांचा, पण तेवढ्यावरून नातं जोडू नये. फ्लामेंकोच्या बारा मात्रांत वजन पडतं ते तिसरी, सहावी, आठवी, दहावी आणि बारावी या मात्रांवर. म्हणजे तीन-तीन, मग दोन-दोन-दोन. सोलेआ याच साच्यात संथ आणि जड चालते. बुलेरिया त्याच साच्यात सुसाट धावते, आणि मोजायला बहुधा बारावीपासूनच सुरू होते. मी लहानपणी काही वर्षं तबला शिकत होते, त्यामुळे कान सम शोधत राहतो, पहिल्या मात्रेवर येऊन विसावणारी. इथं वाक्य दहाव्या मात्रेवर मिटतं आणि पुढच्या दोन मात्रा पोकळ सुटतात. सुरुवातीला जिना उतरताना एक पायरी कमी पडावी तसं होतं. नंतर त्याच पोकळीची गोडी लागते.

बिझेची ती चाल तीन-तीनच्या मापात आहे. चार मापं जोडली की बारा भरतात. हिशोब जुळला! पण वजन जुळत नाही, कारण बिझेला चारही मापांत पहिल्या स्वरावर झोका हवा आहे, आणि बुलेरिया उत्तरार्धात ते तीन-तीन मोडून दोन-दोन-दोन करते. पाको ते मोडताना आपल्याला दिसतो. त्याच्या चेहऱ्यावर कसलाही आविर्भाव नाही. बिझे चुकला असंही तो म्हणत नाही. पॅरिसमध्ये बसून ऐकीव माहितीवर एका माणसाने जे सुचवलं होतं, ते प्रत्यक्षात पायांनी कसं म्हणायचं, एवढंच तो शोधतोय. शंभरेक वर्षांनी परत आलेलं उसनं, तेही व्याजासकट, असं ते वाटतं.

याच्या बरोबर उलट तंत्र विडी कारखान्याच्या प्रसंगात आहे, आणि माझ्या मते तो चित्रपटातला सर्वांत थोर प्रसंग. सेव्हिलचा शाही तंबाखू कारखाना ही खरीच जागा; अठराव्या शतकातली प्रचंड दगडी इमारत, जिथं एकोणिसाव्या शतकात हजारो बायका सिगार वळत. आज तिथं विद्यापीठ आहे. ऑपेरात कारखान्यातली मारामारी पडद्यामागे होते. बायकांचा घोळका धावत बाहेर येतो आणि कोण आधी म्हणालं, कुणी आधी हात उचलला, हे दोन तट पाडून सांगतो. बिझेने ती हकीकत केली. गादेसने ती मारामारीच समोर आणली, आणि त्यासाठी बिझेचा एक सूरही घेतला नाही.

लांब टेबलं. बायका बसलेल्या. हातांनी टेबलावर ठेका. त्यावर एक शिवराळ, टोमणेवजा गाणं, कारखान्यात कोण कशी आहे याचं. आपल्याकडे पाणवठ्यावरच्या भांडणाला जशी लय असते तशी लय. इकडून एक तट उठतो, तिकडून दुसरा. झगे गुडघ्यापर्यंत आवळून धरलेले, टाचा फळ्यांवर. गिटारही नाही, हात, पाय आणि गळा. कारमेन आणि दुसऱ्या तटातली क्रिस्तीना समोरासमोर येतात आणि सुरा चालतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या शेजारी बसलेला अनोळखी गृहस्थ पुढच्या खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ठेका धरायला लागला होता आणि पुढच्या बाईने वळून त्याच्याकडे पाहिलं होतं. मी तेव्हापासून हा प्रसंग कितीतरी जणांना दाखवला आहे. कुणीही अजून शांत बसून पाहिलेला नाही.

माझी मावसबहीण कथक शिकवते. तिला दाखवला तेव्हा ती नेमकं भलतंच बोलली. “अगं, ती कारमेन नाचते ना, ती दुसरीच्या निम्मीसुद्धा नाही. ती दुसरी कोण?” ती दुसरी क्रिस्तीना होयोस. सेव्हिलची, गादेसची कित्येक वर्षांची जोडीदार. कारमेन झालेली लाउरा देल सोल तेव्हा विशीतली. बहिणीच्या डोळ्याला जे पहिल्या फटक्यात दिसलं, ते चित्रपटानेच मुद्दाम दाखवलं आहे. कथेतला नृत्यदिग्दर्शक आन्तोनिओ, जो गादेसनेच केलाय आणि ज्याला नावही स्वतःचंच दिलंय, तो आपल्या ‘कारमेन’साठी मुलगी शोधत असतो. क्रिस्तीना समोर आहे, सर्वांत चांगली नाचते, पण वयाने मोठी. एका नृत्यशाळेत उशिरा येणारी एक पोरगी त्याला दिसते. तिचं नाव विचारतो. कारमेन! बस्स, त्याचं ठरतं. आणि त्या पोरीला तयार करायचं काम तो क्रिस्तीनावरच टाकतो. क्रिस्तीना ते करतेही. तिला हात कसा न्यायचा हे शिकवताना तिच्या तोंडावर जे काही येतं आणि जे ती येऊ देत नाही, ते पाहण्यासाठी मी तो भाग पुन्हा मागे घेऊन पाहते.

इथं चित्रपटाची खरी खोच आहे. आन्तोनिओला वाटतं की आपण फ्रेंच माणसाचं चित्र दुरुस्त करतोय. तो बिझेचा ठेका बदलतो, पंखा आणि मांतिया, म्हणजे डोक्यावरून घ्यायची जाळीची ओढणी, यांची चेष्टा करतो. आणि त्याच वेळी मेरिमेचं वर्णन मनात घोकत, ते डोळे, ती नजर, या मुलीवर चिकटवत राहतो. एका प्रसंगात कारमेन त्याच्या कल्पनेत तशीच येते, केसात उंच फणी, काळी जाळीची मांतिया, पंखा, पोस्टकार्डावरची असते तशी. आणि तो मनाशी म्हणतो, काय हरकत आहे? घिसंपिटं तर घिसंपिटं. ज्या चित्रावर तो हसत होता त्याच चित्राच्या तो प्रेमात पडलाय. तिथून पुढे बिझे टेपवर राहत नाही.

तालीम कुठं संपते आणि जगणं कुठं सुरू होतं, हे साउरा हळूहळू पुसत जातो. खोलीची एक बाजू आरशांची, दुसरी खिडक्यांची. तेओ एस्कामियाचा कॅमेरा असा फिरतो की समोर दिसणारी व्यक्ती खरी की आरशातली, हे काही क्षण कळत नाही. कारमेनचा नवरा तुरुंगातून सुटून येतो. आन्तोनिओ त्याला पैसे देऊन वाटेला लावतो. मग पत्त्यांचा डाव मांडलेला दिसतो, नवरा आणि आन्तोनिओ समोरासमोर, डिवचाडिवच, काठ्या, पायांचा कडकडाट, आणि नवरा कोसळतो. आपण श्वास रोखलेला. तेवढ्यात पडलेला माणूस उठून केसांचा टोप काढतो. तालीम होती! ही फसवणूक एकदा पचवली की पुढच्या प्रत्येक दृश्यावर विश्वास ठेवायला आपण कचरतो, आणि साउराला तेच हवं असतं.

शेवटी बैलझुंजीच्या प्रवेशाची तालीम चालू असते. मत्सर, ढकलाढकली, कारमेन त्याला सोडून चालू लागते. तो तिच्यामागे जातो. बिझेचं अखेरचं युगुलगान पूर्ण वाद्यवृंदासह वाजतं. एका आडोशाला तो तिला भोसकतो. ती पडते. आणि कॅमेरा तिच्यावर थांबत नाही. तो सरकत बाजूला जातो, जिथं मंडळातले बाकीचे लोक बसून गप्पा मारताहेत. कुणी वळूनही पाहत नाही. म्हणजे हा नाच होता? की खरंच मेली आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही? माझ्या ओळखीतले निम्मे लोक शपथेवर सांगतात की ती तालीमच होती. मला तसं वाटत नाही, पण मला जास्त अस्वस्थ करते ती ती गप्पा मारणारी माणसं. दोन्ही अर्थांनी ती तितकीच भयंकर आहेत.

याला स्पेनमधली एक जमीन आहे, जी आपल्याला बाहेरून दिसत नाही. व्यभिचारात सापडलेल्या बायकोला नवऱ्याने मारलं तर त्याला खुनाची शिक्षा नव्हे, फक्त काही काळाची हद्दपारी, असं कलम फ्रँकोच्या १९४४ च्या दंडसंहितेत होतं. ते गेलं १९६३ मध्ये. घटस्फोट कायदेशीर झाला १९८१ मध्ये, म्हणजे हा चित्रपट येण्याच्या दोनच वर्षं आधी. तिकीट काढून आलेल्या माद्रिदच्या बाईला ‘मला तू नको आहेस, मी चालले’ हे कारमेनचं बोलणं ऑपेरातलं वाटलं नसणार. ते तिने कालच्या वर्तमानपत्रात वाचलेलं होतं.

आणि आता तो राग. ऑपेरातल्या कारमेनला बिझेने पुष्कळ दिलं आहे. पत्त्यांत मरण दिसल्यावर ती एकटीशीच गाते, भ्यायलेली नाही, फक्त हिशोब मान्य केल्यासारखी. शेवटी होसेच्या तोंडावर सांगते की स्वतंत्र जन्मले, स्वतंत्रच मरेन. साउराच्या कारमेनला असलं काही मिळत नाही. तिला काय हवंय, नाचाबद्दल तिला काय वाटतं, मध्यरात्री उठून ती का निघून जाते, कळत नाही. आपण सतत आन्तोनिओच्या डोळ्यांतून तिला पाहतो. कॉलेजात असताना हे जाणवलं नव्हतं. नंतर जाणवलं तेव्हा वाटलं, हा चित्रपटाचा मोठाच उणेपणा आहे. आज तितकं ठामपणे म्हणवत नाही. एका पुरुषाच्या डोक्यातली कारमेन एका जिवंत मुलीवर कशी लादली जाते, हीच जर गोष्ट असेल, तर ती मुलगी आपल्याला न दिसणं हे त्या गोष्टीशी प्रामाणिकच आहे. पण प्रामाणिक असणं आणि पुरेसं असणं या दोन गोष्टी आहेत, आणि पीटर ब्रूक, गोदार, रोझी आणि साउरा असे चार पुरुष १९८३-८४ मध्ये एकाच वेळी कारमेन पडद्यावर मांडत होते, हे मला अजून थोडं टोचतं.

फ्लामेंकोचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी हमखास सांगतं, ‘ते आपलंच, राजस्थानातून गेलेलं, कथकचं भावंड.’ मेरिमेने आपल्या कथेला नंतर जोडलेल्या प्रकरणात कारमेन ज्यांच्यातली आहे त्या रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांच्या भाषेबद्दल विद्वत्ता पाजळली आहे, आणि रोमा लोकांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे हे खरंच आहे. त्यांचे पूर्वज भारतातून निघाले आणि पंधराव्या शतकात स्पेनमध्ये पोहोचले, हेही खरं. पण वाटेत कित्येक शतकं आणि कित्येक देश गेले. अंदालुसियात त्यांना जे भेटलं, अरबांचं आणि मोरिस्कोंचं, म्हणजे धर्मांतर केलेल्या मुसलमानांचं, गाणं, रोमान्स नावाची स्थानिक कथागीतं, पुढे क्युबाहून परत आलेले ठेके, छळ, उपासमार, खाणी, तुरुंग, या सगळ्यांतून फ्लामेंको तिथं झालं. एकाच रंगमंचावर कथक आणि फ्लामेंको नाचवणारे कार्यक्रम मी पाहिले आहेत. दोघांनी शेवटी जुगलबंदीत पायांचे आकडे एकमेकांवर फेकले की टाळ्या पडतात. माझी बहीण मात्र म्हणते की घुंगरांचा पाय पूर्ण तळव्याने जमिनीला मिळतो आणि टाचेचा बूट जमिनीशी भांडतो, ते एक करून दाखवायची घाई कशाला? मला ते पटतं. पाकोने बिझेला बुलेरियात नेलं तेव्हा दोन्ही एकच आहेत असा दावा त्याने केला नव्हता. जिथं जुळत नाही तिथंच तो रेंगाळला.

२०२२ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात साउराला सत्यजित राय जीवनगौरव पुरस्कार दिला गेला. त्याच्या वतीने मुलीने तो स्वीकारला. त्या निमित्ताने त्याचे चित्रपटही दाखवले गेले. पुढच्या फेब्रुवारीत, १० तारखेला, तो गेला, एक्क्याण्णव वर्षांचा. दुसऱ्याच दिवशी सेव्हिलमध्ये त्याला स्पॅनिश चित्रपटसृष्टीचा गोया सन्मान द्यायचा ठरला होता. गादेस त्याच्याही आधी, २००४ मध्ये गेला. त्याची रक्षा त्याच्या इच्छेप्रमाणे क्युबात आहे. पाको २०१४ मध्ये मेक्सिकोत.

क्रिस्तीना होयोसची मात्र एक गोष्ट सांगायची राहिली. चित्रपटाबरोबरच त्याच वर्षी गादेस आणि साउराने ‘कारमेन’ची रंगमंचीय आवृत्तीही पॅरिसमध्ये आणली, आणि ती पुढे देशोदेशी फिरली. त्या रंगमंचावर कारमेन नाचली क्रिस्तीना. चित्रपटातल्या आन्तोनिओने जिला वय झालं म्हणून बाजूला सारलं, तिच्याशिवाय खऱ्या आन्तोनिओचं पान हललं नाही. पुढे तिने स्वतःची कंपनी काढली, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या उद्घाटनात ती नाचली, आणि २००६ मध्ये सेव्हिलच्या जुन्या गल्लीत तिने फ्लामेंको नृत्याचं संग्रहालय उभं केलं. तिथं आजही रोज संध्याकाळी नाच होतो.